लाल दिसलं की थांबायचं

माझ्या प्रबंधाच्या एकशे सहाव्या पानावर एक तक्ता आहे. त्यात चार रकाने आहेत. असायला हवे होते पाच. पाचवा कुठं गेला हे माझ्या गाईडना माहीत नाही, परीक्षकांना माहीत नाही, माझ्या बायकोलाही माहीत नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका. मलाच ते नीट सांगता यायचं नाही.

पण तक्त्यापासूनच सुरुवात केली तर तुम्हाला वाटेल, हा माणूस कागदावरच्या चुकीबद्दल बोलतोय. तेवढंच असतं तर मी बोललोच नसतो. म्हणून जरा मागून येतो.

आमचं गाव भोकरदन तालुक्यात. नाव लिहीत नाही. केदारखेड्याहून पायी पाऊण तास, एवढं पुरे. घरात माय, आबा, माझ्याहून दीड वर्षानं मोठी कौसाक्का आणि मी. चार एकर हलकी जमीन, एक म्हैस. उन्हाळ्यात आड आटला की पाणी नदीतल्या झऱ्यातून वाटीवाटीनं भरून आणायचं. एक हंडा भरायला तास जायचा. माय दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायला जायची, आबा मोंढ्यात पोती उचलायला. दोघं घरी यायचे तेव्हा बोलण्याएवढीही ताकद त्यांच्यात उरलेली नसायची. आमच्या घरात भांडणं नव्हती. भांडायलाही अंगात काही लागतं.

आक्काला शाळेत उशिरा घातलं, म्हणून आम्ही दोघं एकाच वर्गात. चौथीत ती पहिली आली, मी दुसरा. खरं सांगतो — तो दुसरा नंबरही तिच्या पाटीत बघून आलेला होता. ती उत्तर काढायची आणि पाटी थोडी माझ्याकडं कलती धरायची. गुरुजींना दिसायचं. ते दुसरीकडं बघायचे.

पाचवीला केदारखेड्याला जायचं होतं. आम्हा दोघांना आबांनी युरियाच्या पोत्याच्या दोन पिशव्या शिवून आणल्या होत्या. पण त्या मे महिन्यात मायचा हात मोडला. पाणी कोण आणणार, म्हैस कोण बघणार? घरात कुणी काही ठरवलं नाही. कुणी आक्काला बस म्हणालं नाही. शाळेच्या पहिल्या दिवशी ती माझ्याबरोबर पांदीच्या तोंडापर्यंत आली. तिथं तिनं स्वतःची पिशवीही माझ्या खांद्याला अडकवली — एक फाटली तर दुसरी असू दे म्हणून — आणि म्हणाली, "तू हो म्होरं. यंदा मी थांबते."

यंदा, असं म्हणाली होती. पुढच्या साली मायचा हात बरा झालेला होता. पण तोवर सगळ्यांना सवय झाली होती. तिला शाळेत पाठवायचं आहे, याची कुणाला आठवण राहिली नाही. मलाही नाही. माझ्याजवळ तर तिची पिशवी होती.

हे माझं पाप म्हणून सांगत नाही. दहा वर्षांच्या पोराच्या हातात काय असतं? पण पुढं जे सांगायचं आहे ते याच्याशिवाय कळणार नाही. तेव्हा एवढं लक्षात असू द्या — ती ‘थांबते’ म्हणाली होती.

मी शिकलो. जालन्याला बी.ए. केलं, मग मानसशास्त्रात एम.ए. आमच्या अख्ख्या भावकीत पदवीपर्यंत गेलेला मी पहिला. हे मी चारचौघांत सांगतो, छाती काढून सांगतो, अजूनही. ज्याच्या घरात तीन पिढ्या शिकलेल्या आहेत त्यानं या गर्वाला हसू नये. त्याला तो परवडतो, म्हणून दिसत नाही.

मग पीएच.डी.चं सुरू झालं. माझा विषय होता, माणूस स्वतःला आवरतो कसा. म्हणजे असं बघा — हात उचललेला आहे, मारायचाच आहे, आणि ऐन वेळी आपण हात मागं घेतो. ते मागं घेणं मोजता येतं. पण त्याची साधनं महाग, आणि आमच्या विभागात जी होती ती कपाटात कुलूपबंद. किल्ली ज्यांच्याकडं त्यांच्या मागं हिंडण्यात माझं एक वर्ष गेलं. आणि एके दिवशी जालन्याच्या एका नेट कॅफेत बसलेलो असताना मला तो प्रोग्रॅम सापडला. परदेशातल्या कुठल्या तरी विद्यापीठातल्या लोकांनी असे खेळ — ते त्यांना खेळच म्हणत नव्हते, पण होते खेळच — संगणकावर तयार करून सगळ्या जगासाठी मोकळे ठेवले होते. घ्या, वापरा, आपल्या भाषेत करा. पैसा नको, परवानगी नको. मी ते दोनदा वाचलं. मला वाटलं, यात काही तरी गोम असणार. नव्हती. उतरवून घ्यायला पाऊण तास लागला, आणि सगळं एका फ्लॉपीत मावलं. फ्लॉपी शर्टाच्या खिशात घालून मी बाहेर आलो तेव्हा — तुम्ही हसाल — मला रडू आलं. कुणाच्या दारात उभं न राहता मिळालेली ती माझ्या आयुष्यातली पहिली गोष्ट होती.

खेळ अगदी साधा. पडद्यावर एकेक गोल येतो. हिरवा आला की कीबोर्डवरचं लांब बटण झटकन दाबायचं. लाल आला की दाबायचं नाही. एकशे साठ गोल, त्यांत चाळीस लाल. गोल दोन सेकंद राहतो आणि जातो. हिरव्याची सवय लागलेलं बोट लालला आवरतं की नाही, एवढंच बघायचं. प्रत्येक गोलाला संगणक लिहून ठेवतो — रंग कोणता, दाबलं की नाही, आणि किती वेळानं दाबलं.

तो वेळ. तोच पाचवा रकाना.

सोबत एक सूचनांचं पान होतं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, सगळ्या मुलांना एकाच शब्दांत समजावून सांगा. आधी सराव घ्या, आणि मुलाला काय समजलं ते त्याच्या तोंडून ऐका. फुकट देणाऱ्यांनी इतकी काळजी घेतली होती. मी ते पान वाचून घडी करून ठेवलं. सूचना मराठीत टाकायला गेलो तर अक्षरांऐवजी किड्यामुंग्या उमटायला लागल्या — तेव्हाचे फॉण्ट तसलेच. म्हटलं, तोंडी सांगू. आपल्या पोरांशी बोलायला आपल्याला कागद कशाला लागतो?

चाळीस मुलं जालन्यातल्या एका शाळेतली आणि चाळीस आमच्या गावच्या शाळेतली, असं ठरलं. गाईडनी त्यांचा लॅपटॉप पंधरा दिवसांसाठी दिला. जालन्याच्या शाळेत संगणकाचे एक सर होते, त्यांनीच मुलांना समजावलं — लाल आला की बटण दाबायचं नाही. मी मागं खुर्चीवर बसून होतो. मुलं चुकली, पण बेतानं.

मग गावाकडं आलो. चौथीचा वर्ग, तीच शाळा, फक्त वर आता पत्रे. लाईट असेल तेवढाच वेळ काम. पोरं खिडकीला लटकलेली. आणि मी — शहरी सर नव्हे, त्यांच्यातलाच, त्यांच्या बोलीत बोलणारा, याचा तोरा मिरवणारा — प्रत्येकाला खाली वाकून सांगायचो, "हिरवं दिसलं की दाबायचं. लाल दिसलं की थांबायचं."

थांबायचं.

आता तुम्हाला कळलं असेल. मला कळलं नाही.

पहिल्या दिवशी पोरं लालला धडाधड चुकली. दुसऱ्या दिवशी तेच. मी फोनवर गाईडना सांगितलं, तर ते म्हणाले, उत्तम, फरक ठळक येतोय, प्रबंध वजनदार होणार. मला वाईट वाटलं का? वाटलं, थोडं. आपली पोरं स्वतःला आवरू शकत नाहीत असं यंत्र सांगतंय, याचं कुणाला बरं वाटेल? पण त्याच्या खाली, अगदी खाली, मला बरंही वाटत होतं. म्हणजे मी इथून निघालो तो वेगळा होतो म्हणूनच, असं काहीसं. हे लिहितानाही लाज वाटते. पण होतं तसं.

तिसऱ्या दिवशी शीतलचा नंबर आला. शीतल म्हणजे आक्काची मुलगी. आक्काला गावातच दिलेली. शीतलचं बोलणं कमी, नजर मात्र सगळीकडं. ती बसली, फ्रॉक गुडघ्याखाली ओढला, आणि खेळली. चाळीस लाल गोल आले. चाळीसही वेळा तिनं बटण दाबलं. एकही सोडला नाही. सगळ्या पोरांत तिचा आकडा सर्वांत वाईट.

मला राग आला. मामा होतो ना. माझी भाची, आणि आक्काची मुलगी! मी तिला बाहेर हापशाजवळ नेलं आणि विचारलं, लक्ष कुठं होतं तुझं? ती माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मीच काही तरी विसरलोय.

"मामा, तुम्हीच म्हणले ना लाल दिसलं की थांबायचं. मी थांबले की. सगळ्याला थांबले. मनात येक-दोन म्हणायचे आन् मंग दाबायचे."

मी म्हणालो, अगं, लालला दाबायचंच नव्हतं.

"मंग तसं म्हणायचं ना," ती म्हणाली. उलट बोलावं म्हणून नाही. चूक दुरुस्त करून द्यावी तसं. आणि हापशावर पाणी पिऊन वर्गात गेली.

मी तिथंच उभा. समोर रस्ता होता, रस्त्यावर एसटीचा पिवळा फलक — विनंती थांबा. आमच्याकडं यष्टी थांबते ती निघण्यासाठी. म्हाताऱ्यानं थांब म्हटलं की पोरगं थांबतं, तो येईपर्यंत, आणि मग दोघं चालायला लागतात. थांबणं म्हणजे न करणं असं आमच्या गावात कुणी, कधी म्हणालं होतं? मीच म्हणालो होतो. शहरात राहून माझ्या कानातला तो शब्द बदलला होता, आणि बोली मात्र मी गावची बोलत होतो.

आत येऊन मी लॅपटॉपवर वेळाचा रकाना उघडला. तोवर बघायची गरजच वाटली नव्हती. बोट आवरलं नाही म्हणून जो चुकतो तो घाईनं चुकतो — हिरव्याच्याच वेगानं लालवर बोट पडतं. इथं तसं नव्हतं. हिरव्याला अर्धा सेकंद, लालला दीड. हिरव्याला अर्धा, लालला दीड. एका पोराचं नाही, ओळीनं जवळजवळ सगळ्यांचं. ही पोरं स्वतःला आवरत होती. बोट बटणावर ठेवून, सगळं अंग आखडून आवरत होती, एक-दोन म्हणेपर्यंत — आणि मग मामांनी, सरांनी सांगितल्याप्रमाणं पुढं जात होती. सर्वांत नीट आवरलं होतं शीतलनं. चाळीसपैकी चाळीस वेळा.

अठ्ठावीस पोरं झाली होती. बारा उरली होती.

आता इथं मी तुम्हाला सांगू शकतो की लॅपटॉप चार दिवसांत परत द्यायचा होता. लाईटचा भरवसा नव्हता. गाईड परगावी निघाले होते. हे सगळं खरं आहे. आणि यातलं एकही कारण नाही. सगळ्या पोरांना पुन्हा बसवायला तीन दिवस लागले असते. चार होते माझ्याकडं.

मी पुढच्या पोराला हाक मारली. तो खुर्चीवर बसला. मी खाली वाकलो आणि म्हणालो, हिरवं दिसलं की दाबायचं. लाल दिसलं की थांबायचं.

बाराच्या बारा पोरांना मी तेच वाक्य सांगितलं. पहिल्या अठ्ठाविसांना न कळून. या बारांना कळून. आवाजही बदलला नाही माझा. स्वतःला आवरणं या विषयाचा अभ्यास करत होतो मी — आणि हापशापासून वर्गाच्या दारापर्यंत वीस पावलं होती. तेवढ्यात कुठंही माझं पाऊल अडखळलं नाही.

हा गुन्हा एवढाच असता तर कदाचित मी तो विसरलोही असतो. कागदावर झाला, कागदावर राहिला, असं म्हणालो असतो. पण शेवटच्या दिवशी हेडगुरुजींनी मला ऑफिसात बोलावलं. स्वतःच्या कपात चहा दिला. अजून प्रबंधाचा एक शब्द लिहिलेला नव्हता, तरी त्यांनी मला "डॉक्टरसाहेब" म्हणून हाक मारली. चौथीच्या स्कॉलरशिपच्या परीक्षेला पोरं बसवायची होती. आठ जणांना निवडून, शाळा सुटल्यावर वर्ग घेऊन तयार करायचं त्यांच्या मनात होतं. माणूस चांगला होता, तळमळीचा. म्हणाले, तुमच्या मशीनमध्ये कोण टिकून बसणारं आहे आणि कोण उतावीळ, ते दिसलंच असेल. एक यादी देता का?

यादी द्यायची नसते. कुणाचाही आकडा बाहेर सांगायचा नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. पण ते डॉक्टरसाहेब म्हणाले होते. मी त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच पेनानं, चाळीस नावं उतरत्या क्रमानं लिहून दिली. वर ती पोरं होती ज्यांनी माझं ऐकलं नव्हतं, किंवा ज्यांना समजलं नव्हतं, किंवा जी नुसती बसून होती. खाली, अगदी खाली, सगळ्यांत शेवटी — शीतल.

तिचं एक नाव मी वर घेऊ शकलो असतो का? विचार आला होता. पण भाचीला वर घेतली म्हणून गावात कुणी बोललं तर? माझी इमानदारी खराब होईल, असं वाटलं मला. खरंच, हाच शब्द मनात आला — इमानदारी.

आठ पोरांचा वर्ग सुरू झाला. शीतल त्यात नव्हती. दिवाळीत गावी गेलो तर आक्का चुलीपुढं बसून करंज्या तळून राह्यली होती. मी पाटावर बसलो. तिनं एक घाणा उतरवला. मग झाऱ्यातली करंजी निथळवत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "भाऊ, आमच्या शीतलचं डोकं चालत न्हाई का रं?"

हा प्रश्न तिनं विचारला. जिच्या पाटीत बघून मी दुसरा आलो होतो, तिनं.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "डोकं चांगलंय, आक्का. पण उतावळी हाय."

"तू मशीनवर तपासलं म्हंजे बराबरच असंल," ती म्हणाली. "म्या बी तिला तेच म्हणत असते. जरा दमानं घे म्हणते."

शीतल दारात उभी होती. तिनं ऐकलं. मी तिच्याकडं बघितलं, आणि ती माझ्याकडं. दहा वर्षांची पोर. तिला सगळं ठाऊक होतं. मला वाटलं, आता बोलेल. म्हणेल, आई, मामाच चुकीचं बोलले होते. तिनं ओठ उघडलेही. मग मिटले. ओठांवर आलेला शब्द तिनं माझ्या डोळ्यांदेखत मागं घेतला — घरातल्या माणसांपुढं मामाची शोभा होऊ नये म्हणून. मला मोजायला शिकवलं होतं ते हेच. याहून स्पष्ट ते मला पुन्हा कधी दिसलं नाही.

त्या दिवसापासून घरात तिचं नावच उतावळी पडलं. दूध उतू गेलं, उतावळी. वाटी सांडली, उतावळी. हसूनच म्हणायचे सगळे. तीही हसायची. फक्त माझ्याजवळ येऊन बसायची ती बसेना झाली. मी गेलो की पाणी आणून द्यायची, तांब्या खाली ठेवायची, आणि आत जायची.

प्रबंध लिहिताना मी वेळाचा रकाना वगळला. रंग, दाबलं, न दाबलं, एकूण चुका. चार रकाने. ग्रामीण आणि शहरी मुलांत लक्षणीय फरक, असं वाक्य खाली. गाईडनी त्याखाली पेन्सिलनं रेघ ओढली, आवडलं म्हणून. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते, हळू बोलणारे. त्यांनी ते पान उघडलं, बोट ठेवलं, आणि विचारलं, चुकीचं बटण दाबायला मुलांना किती वेळ लागत होता?

बघा, एका माणसानं विचारलं होतं. अगदी नेमकं विचारलं होतं. दार उघडून धरावं तसं.

मी म्हणालो, सर, तो प्रोग्रॅम मोफत मिळणारा आहे, त्यात वेळेची नोंद होत नाही.

ते म्हणाले, हं, फुकटात तेवढंच मिळणार. सगळे हसले. मीही हसलो. ज्यांनी जगाला काही न मागता एवढं दिलं, सोबत सांभाळून वापरायची पद्धतही लिहून दिली, त्यांच्या माथी मी माझी चोरी मारली — आणि हसलो. टाळ्या झाल्या. चहा झाला.

पदवी मिळाल्यावर आक्कानं राजूरच्या गणपतीला बोललेला नवस फेडायचा ठरवला. माझ्या पदवीसाठी तिनं नवस केला होता, हे मला तेव्हा कळलं. गावाहून राजूरपर्यंत ती अनवाणी चालत आली. चतुर्थी होती, रांग बाहेर दुकानांपर्यंत. पुढं शीतल, मग आक्का, मग मी. ऊन होतं. पुढचे लोक ढकलत होते, मागचे ओरडत होते. शीतल हातात नारळ घेऊन उभी होती, पुढचा माणूस सरकला की एक पाऊल, पुन्हा उभी. दोन तास. एकदाही तिनं मान वळवून विचारलं नाही, किती वेळ आहे म्हणून. आक्काच्या पायाला फोड आले होते. मी म्हणालो, आक्का, एक सांगायचंय. ती वळली. चेहरा इतका आनंदी होता — मी तिला पांदीच्या तोंडाशी सोडलं होतं तेव्हापासून तसा पाहिला नव्हता.

"काय रं?"

मी म्हणालो, पाय दुखत असतील, चप्पल घाल. ती हसली. म्हणाली, देवापुढं जाऊन राह्यलो भाऊ, चप्पल कशाची.

त्यानंतर मी सांगायचा प्रयत्न केला नाही. तसं बघितलं तर माझं बरं चाललंय. कॉलेजात नोकरी आहे, जालन्यात घर आहे, दारावर पाटी आहे. दर वर्षी तो धडा शिकवतो. लाल-हिरव्या गोलांची आकृती फळ्यावर काढतो आणि मुलांना बजावतो, सूचना देताना शब्द तोलून वापरा. मुलं वहीत लिहून घेतात. तास संपला की ती घोळक्यानं बाहेर जातात, आणि मी फळा पुसायच्या निमित्तानं मागं राहतो. त्या रिकाम्या वर्गात माझ्याजवळ कुणी नसतं. असू शकतच नाही. जे माझं कौतुक करतात ते माझ्याशी बोलतच नसतात — ते पान एकशे सहाशी बोलतात. बायको म्हणते, तुम्ही गावाकडून आलात की दोन दिवस गप्प असता. मी म्हणतो, प्रवासानं होतं. भोकरदनहून जालना. किती प्रवास असतो तो?

शीतल दहावी झाली. चांगल्या मार्कांनी. अकरावीला भोकरदनला जायचं होतं, रोजची एसटी. घरात अडचणी होत्या, त्यांची यादी तुम्हाला नको. आक्कानं मला विचारलं. मी म्हणालो, शिकव, खर्च मी करतो. आक्का म्हणाली, खर्चाचं न्हाई रं, पर तिचा सोभाव उतावळा, रोज इतक्या लांब एकटी... तूच म्हणला होता. मग पोरीला म्हणाली, यंदा थांब, पुढल्या साली बघू.

मी तिथं बसलेलो होतो. पाणी प्यालो. तांब्या खाली ठेवला.

शीतल थांबली.

गेल्या वर्षी कॉलेजातले जुने संगणक भंगारात काढायचे ठरले. फ्लॉपी चालणारा एकच उरला होता. तो उचलून नेण्याच्या आदल्या दुपारी मी कपाटातली फ्लॉपी नेली — लॅपटॉप परत देताना सगळ्या पोरांच्या नोंदी मी तिच्यावरच उतरवून घेतल्या होत्या. वाटलं होतं, उघडणारच नाही, इतक्या वर्षांत खराब झाली असेल. उघडली. पाचवा रकाना जिथल्या तिथं होता. मी ज्यांना ‘थांबायचं’ सांगितलं होतं त्यांची उशिरानं दाबलेली बटणं बाजूला काढली आणि नव्यानं मोजणी केली. दोन तास लागले. गावच्या आणि शहरातल्या पोरांत सांगण्यासारखा फरक नव्हता. तो कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे. मी तो कुठंही पाठवलेला नाही.

मी पीएच.डी. आहे. आमच्या भावकीतला पहिला, गावातलाही पहिला. प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. कापडी बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरांत माझं नाव.

लाल गोल चाळीस होते. शीतल चाळीस वेळा थांबली होती.